नव्या स्टीलच्या पॅनला सगळंच चिकटतंय, परत करू का? (मदत हवी आहे)

घाईचीबाई
मंडळी, लवकर सांगा. सगळीकडे कौतुक वाचलं म्हणून नॉनस्टिक काढून टाकलं आणि चांगलं जाडजूड ट्रायप्लायचं (तीन थरांचं) फ्रायपॅन घेतलं. अंडं चिकटतं, बटाटा चिकटतो, मासा अर्धा ताटात येतो नि अर्धा पॅनमध्येच राहतो. तेलात कंजुषी करत नाही. शिवाय आत निळे-जांभळे डाग पडलेत ते वेगळेच. माल खराब आहे का? परत करायची मुदत परवा संपतेय, तेव्हा 'हळूहळू हात बसेल' छापाचे सल्ले नकोत. हो की नाही एवढंच सांगा.

पातेलंभर
तेवढंच सांगायला आधी थोडं कळू दे की. गॅस की इंडक्शन? आच किती? तेल कधी घालता? अंडं फ्रीजमधून काढून थेट फोडता का?

बिडाचा_भक्त
परत करा आणि बिडाचं घ्या. विषय संपला. तेलाचा पातळ हात फिरवून तापवत राहा, काळा थर धरला की अंडं आपोआप घसरतं. आमचं बिडाचं पॅन माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे.

चिमूटभर
@बिडाचा_भक्त, प्रत्येक धाग्यावर बीड! टोमॅटोचा रस्सा त्यात तासभर उकळा, मग बघू तुमचा काळा थर कुठे जातो. आंबट पदार्थाने तो निघतो आणि रश्श्याला लोखंडाची चव लागते. आणि ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी काय करायचं?

बिडाचा_भक्त
थर जुना, पक्का असेल तर थोड्या टोमॅटोने काही होत नाही. तासभर उकळायला पातेली आहेत ना घरात? जवसाच्या तेलाचे थर देऊ नका मात्र. दिसतात आरशासारखे, नंतर पापुद्रे सुटतात. साधं रोजचं तेल पुरे.

घाईचीबाई
बिडाचं विचारलेलंच नाही. इंडक्शन आहे. तेल आधी घालून मग चालू करते, सगळे तेच करतात ना? आच नेहमीची.

पातेलंभर
नेहमीची म्हणजे?

चुंबक
इंडक्शनवर चालतंय म्हणजे तळाला लोहचुंबक चिकटत असणार. खरं स्टील चुंबकाला चिकटत नाही. तुम्हाला फसवलंय.

धातुकाम
@चुंबक, अर्धवट माहिती. अन्न लागतं त्या आतल्या थराचं स्टील बहुधा १८/८ असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ते सहसा चिकटत नाही. इंडक्शनसाठी बाहेरचा थर मुद्दाम चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा देतात. मध्ये ॲल्युमिनियम. स्टील एकटं उष्णता पसरवण्यात अगदीच मठ्ठ, ॲल्युमिनियम त्याच्या १५ पटींच्या आसपास चांगलं. हे सँडविच त्यासाठीच. बीडही उष्णता फार चांगली पसरवत नाही, फक्त तापलं की धरून ठेवतं (भक्तांनी हलके घ्यावे).

डागांचं म्हणाल तर ते स्टीलवरचा ऑक्साइडचा थर जास्त तापून जाड झाल्यामुळे दिसतात. अपाय नाही. थोडं व्हिनेगर फिरवून धुवा, जातात. पांढरे ठिपके असले तर ते पाण्यातले क्षार, तेही व्हिनेगरनेच जातील. आणि पाणी गार असताना मीठ टाकून तसंच सोडू नका. मीठ तळाशी बसून बारीक खड्डे पाडतं, ते मात्र कशानेच जात नाहीत.

धारदार
माझं ऐकाल तर पॅनमध्ये पैसे घालूच नका, सुरीत घाला. स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त फरक एका बऱ्या सुरीने पडतो. आठ सुऱ्यांचा संच नको, एकच मोठी आणि सोबत धार लावायचा दगड. पंधरा ते वीस अंशांचा कोन धरायचा, एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा जाणवला की पलटायचं. कांदा चिरताना पाणीसुद्धा कमी येतं, कारण पेशी चिरडत नाहीत. काचेच्या पाटावर मात्र कधीही चिरू नका.

चिमूटभर
धागा पॅनचा आहे हो.

घाईचीबाई
नेहमीची म्हणजे बूस्ट, सगळ्यात मोठी. रिकामं ठेवून वेळ कोण घालवणार? अंडं अर्थात फ्रीजमधलंच. आता सांगा, परत करू?

पातेलंभर
हं. आता कळलं. बूस्टने तळ भसकन तापतो आणि तेल लगेच धुरावतं. त्यात गार अंडं पडलं की ते धातूलाच धरून बसतं. असं करून बघा: मध्यम आचेवर रिकामं पॅन तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. चुर्रकन आटला तर अजून थांबा. थेंब न आटता पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळायला लागला की झालं. खालची वाफच त्याला उचलून धरते. योहान लायडेनफ्रॉस्टने हे १७५६ सालीच लिहून ठेवलंय. मग पाणी पुसून आच कमी करा, तेल घाला, ते पातळ होऊन लहरायला लागलं की अंडं. आणि हात लावू नका! खालची बाजू शिजून घट्ट झाली की ती स्वतःच सुटते. माशाचंही तेच, फक्त आधी टिपून कोरडा करा.

चिमूटभर
+१. रच्याकने, थोडं चिकटणं चांगलंच असतं. मांस किंवा कांदा परतल्यावर बुडाला तांबूस खरवड धरते ना, ती मी कित्येक दिवस घासणीने काढून मोरीत घालवत होते. आता गरम पॅनमध्येच अर्धी वाटी पाणी ओतते आणि लाकडी उलथन्याने खरवडते. सगळं सुटून दाटसर तपकिरी रस होतो, पॅनही निम्मं स्वच्छ. नॉनस्टिकमध्ये ही खरवड नीट धरतच नाही.

पोपटवाला
नॉनस्टिक म्हणजे विष आहे, घरातून काढलंत ते बरं केलंत.

धातुकाम
सरसकट विष नाही. टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिकवरचा थर, त्याचा शोध १९३८ चा आहे. काळजी करण्यासारखं म्हणजे ते बनवताना वापरायचे ते पीएफओए नावाचं रसायन, त्यावर २०१९ साली स्टॉकहोम करारात जागतिक बंदी आली, थोडे अपवाद सोडून. पॅनपुरतं बोलायचं तर २६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. रिकामं तापत राहिलं तर त्याच्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, हे खरं आहे. अंड्यापुरतं एक लहान नॉनस्टिक ठेवायला काय हरकत आहे?

पोपटवाला
आमच्याकडे पोपट आहे. हरकत आहे.

बिडाचा_भक्त
म्हणूनच म्हणतोय, बीड.

पातेलंभर
@घाईचीबाई, बूस्टवर तापवत असाल तर एक बघाच. तेल मध्ये थांबतं की कडेला पळतं?

घाईचीबाई
कडेला पळतं. मधे कोरडंच राहतं. आधी का नाही विचारलंत? आता पालथं घालून पट्टी ठेवली, मधोमध बारीकशी फट दिसतेय.

धातुकाम
बारीक फट असू शकते. गार असताना तळ किंचित आत घेतलेला असतो, तापल्यावर सपाट व्हावा म्हणून. मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवून मग तेल घाला. तरीही कडेलाच गेलं आणि काचेवर पॅन गोल फिरलं तर तळ वाकला आहे. गरम पॅन लगेच गार पाण्याखाली धरता का?

घाईचीबाई
धरते, मग काय हाताने धरू? चुर्र आवाज आला की लवकर निघतं.

चिमूटभर
अगं बाई!!

चुंबक
वाकलं असेल तर फसवलंच म्हणा.

पातेलंभर
बूस्ट आणि वर गार पाण्याचा मारा, कुठलंही पॅन वाकेल. परत घेतील की नाही ते अटींमध्ये बघा. 'अतितापामुळे झालेलं नुकसान' असं काही लिहिलं असेल तर अवघड आहे.

घाईचीबाई
थेंब पळाला! मध्यमवर. अंडं सुटलं, एका कडेला जरा लागलं. तेल अजून थोडं बाहेरच जातंय, पण पॅन काचेवर फिरत नाही. अटी बारीक अक्षरात आहेत, चष्मा सापडला की वाचते.

पळीपंचपात्र
@धारदार, सुरीच्या दगडाचं जरा सविस्तर लिहा ना. माझी सुरी टोमॅटोवर नुसती घसरते.

धारदार
वेगळा धागा काढतो. तोवर टोमॅटो करवतीसारख्या दात्यांच्या सुरीने कापा.