मदत हवी आहे: मलावीतल्या तुरीचा डेटा खुला करायचाय, पण कसा?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी,

मी मूळची परभणीची. सध्या दक्षिण मलावीत एका विद्यापीठाच्या तूर प्रकल्पावर आहे. इकडे तुरीला नांदोलो म्हणतात. मक्यातलं आंतरपीक. पावसाच्या तोंडाशी, नोव्हेंबर-डिसेंबरात पेरायचं आणि मका निघून गेल्यावर जुलै-ऑगस्टपासून काढणी. थ्योलो, मुलांजे, फालोम्बे भागातल्या शेकडो शेतांच्या नोंदी आमच्याकडे आहेत: वाण, पेरणीची तारीख, मर लागलेली झाडं, उत्पन्न, घरी किती ठेवली, किती विकली, काय भावाने. 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने हा सगळा पट्टा धुऊन काढला. आमच्या नोंदी त्याच्या आधीच्याही आहेत आणि नंतरच्याही, त्यामुळे त्यांचं मोल जास्त.

पैसे देणाऱ्यांची अट अशी की प्रकल्प गुंडाळायच्या आत हे सगळं खुल्या भांडारात जायला हवं, सीसी-बाय परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं अशा. मी स्वतः याच बाजूची. इथे 1987 साली प्रसारित झालेला साउमा हा मररोधक वाण म्हणजे इक्रिसॅटच्या (हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या) संग्रहातला आयसीपी 9145. पाटणचेरूने बियाणं कुलपात ठेवलं असतं तर इथल्या शेतकऱ्याच्या हाती काय आलं असतं?

पण आमची इथली टीम नाखूश आहे. मोटारसायकलवरून चिखल तुडवत नोंदी घेतल्या त्यांनी. मागच्या एका प्रकल्पात डेटा खुला झाला, बाहेरच्या एका गटाने त्यावर झटपट शोधनिबंध काढला आणि यांची नावं गेली शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात. आमचे ज्येष्ठ सहकारी शांतपणे एवढंच म्हणाले, "आमची नांगरणी, त्यांची कापणी." यावर मी काय बोलणार?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. भांडार कुठलं घ्यावं? मुदतबंदी घालता येते का, म्हणजे डेटा काही काळ बंद ठेवता येतो का? आणि टीमला पटेल असं काही आहे का, की त्यांचंच बरोबर आहे?

ग्रंथपाल_कोथरूड

भांडाराचं सोपं आहे. झेनोडो फुकट आहे, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या सर्व्हरवर चालतं. फाइल्स आज चढवा, खुल्या व्हायची तारीख पुढची द्या. डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) लगेच मिळतो, वर्णन सगळ्यांना दिसतं आणि फाइल्स ठरल्या दिवशी आपोआप उघडतात. अट पाळली गेली आणि टीमला लिहायला वेळही मिळाला. मात्र एवढी मुदत चालेल का ते पैसे देणाऱ्यांकडून लेखी घ्या.

दुसरं, डेटा-पेपर लिहा. फक्त डेटा कसा गोळा केला याचं वर्णन. लेखक म्हणून नोंदी घेणाऱ्यांची नावं, पहिलं नाव तिथल्याच माणसाचं. मग जो कोणी डेटा वापरेल त्याने तो पेपर उद्धृत करावा अशी अपेक्षा असते. मलावीतल्या लेखकांना बरीच नियतकालिकं शुल्क माफ करतात, आधी विचारून घ्या.

सीसी-बायबद्दल एक गैरसमज असतो म्हणून सांगतो. तो परवाना श्रेय द्यायला लावतो, सहलेखक करायला लावत नाही.

टेबल_माउंटन

केपटाऊनमध्ये जीनोमवाल्यांबरोबर काम करतो, म्हणून दोन शब्द.

तुमच्या टीमची भीती हवेतली नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या प्रयोगशाळांनी कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराचे जनुकीय अनुक्रम तातडीने जगासमोर ठेवले. बक्षीस काय मिळालं? दोनेक दिवसांत प्रवासबंदी. अमेरिकेच्या यादीत आठ देश होते आणि त्यात मलावीसुद्धा होता. इथे प्रयोगशाळेत लोक उघड विचारायचे की पुढच्या वेळी आधी कळवायचं कशाला. तरीही कळवत राहिले, हा भाग वेगळा.

लक्षात घ्या, ते अनुक्रम गेले जीआयएसएड या विषाणूंच्या अनुक्रमांच्या भांडारावर, आणि ते काही सताड उघडं भांडार नाही. लॉग-इन लागतं, वापरताना मूळ प्रयोगशाळेला श्रेय देण्याची अट मान्य करावी लागते. ही व्यवस्था 2008 ची. त्याआधी इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं होतं: आमच्या विषाणूवर लस तुम्ही करणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे कसं? त्या भांडणातून मधला रस्ता निघाला. आफ्रिकेतल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या एच3आफ्रिका प्रकल्पाने 2010 नंतर हेच जास्त काळजीने केलं. जनुकीय डेटा ठेवला युरोपातल्या भांडारात, पण कुणाला द्यायचा हे ठरवायला समिती नेमली आणि डेटा गोळा करणाऱ्यांना प्रकाशनासाठी आधीची मुदत राखून ठेवली. रक्ताचे नमुने युगांडा, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जैवभांडारांत.

खुलं म्हणजे सगळं, लगेच, सगळ्यांना असं नसतं. खुल्या विज्ञानावरची युनेस्कोची 2021 ची शिफारससुद्धा तसं म्हणत नाही.

डाळमिल

लातूरहून. मला विज्ञानातलं कळत नाही, पण तुमच्या यादीतला "घरी किती ठेवली, किती विकली, काय भावाने" हा रकाना वाचून कान टवकारले. खरं सांगतो, तो डेटा मला आजच्या आज हवाय.

भारताचा मलावीशी 2021 मध्ये करार झाला, 2025-26 पर्यंत वर्षाला 50 हजार टन तूर. तुमचा माल आमच्या नव्या तुरीच्या आधी बंदरात लागतो. कुठल्या भागात किती माल पडून आहे हे हंगामातच कळलं तर भाव पाडून घ्यायला वेळ लागत नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये भारताने तूर आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिकडचे भाव कसे कोसळले ते तुमच्या शेतकऱ्यांना विचारा. मी व्यापारी आहे, तरी सांगतो: तो रकाना हंगाम चालू असताना उघडू नका.

झोम्बा_ते_झेंडा_चौक

बाकी सगळं नंतर. संमतीपत्रात काय लिहिलंय?

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. डाळमिल, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल विशेष.

@झोम्बा_ते_झेंडा_चौक, संमतीपत्र काढून पाहिलं. चिचेवा या इथल्या भाषेत लिहिलंय, अर्थ असा की "ही माहिती फक्त संशोधनासाठी वापरली जाईल". मसुदा मी रुजू होण्याआधीचा आहे.

झोम्बा_ते_झेंडा_चौक

मग सीसी-बाय विसरा. त्या परवान्याखाली मिलवाले, विमा कंपन्या, कुणीही वापरू शकतं. शेतकऱ्याने त्याला हो म्हटलेलंच नाही. पैसे देणाऱ्यांना हेच लिहून पाठवा. एवढं ठोस कारण त्यांना नाकारता येणार नाही. शिवाय मलावीचा 2024 चा डेटा संरक्षण कायदा आहे. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीला पत्र टाका, तोंडी विचारू नका.

फाइल दोन तुकड्यांत करा. वाण, तारखा, मर, उत्पन्न हा शेतीचा भाग समितीच्या परवानगीने खुला. साठा, भाव आणि घरची माहिती विनंतीवरून. झेनोडोवर तशी सोय आहे.

आणि नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. समजा एका ओळीत आहे: कुटुंबप्रमुख बाई, घरात नऊ माणसं, पत्र्याचं छप्पर, अर्धा एकर. त्या वस्तीत असं एकच घर असलं तर पोरंसोरंही बोट दाखवतील. घरातल्या माणसांचे गट पाडा, छपराचा रकाना काढूनच टाका. जीपीएस जसंच्या तसं देऊ नका. डीएचएसवाले (अनेक देशांत घरोघरी आरोग्याचं सर्वेक्षण करणारे) ग्रामीण ठिकाणं 5 किलोमीटरपर्यंत सरकवतात, थोडी 10 पर्यंतही. पण तुम्हाला पाऊस आणि मातीशी सांगड घालायची असेल तर आधी खऱ्या ठिकाणावरून पावसाचे आणि मातीचे आकडे काढून रकान्यात भरा, मग ठिकाण सरकवा. हे बहुतेक लोक विसरतात आणि मग डेटा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

ग्रंथपाल_कोथरूड

+1. एक भर: एक प्रत मलावीतच ठेवा, वीज जाते वगैरे धरूनही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबला आणि त्याच डीएचएसचं काम ठप्प झालं, नव्या संशोधकांची नोंदणी तेव्हा बंद पडली. ज्या देशांच्या घरोघरी जाऊन ती माहिती घेतली, त्यांच्याच संशोधकांवर वाट बघायची वेळ आली.

कोरडवाहू

टीमसमोर हे सगळं मांडलं. डेटा-पेपरचं पटकन पटलं. पहिलं नाव कुणाचं यावर मात्र जोरदार वाद झाला, आणि तो चिचेवात झाल्यामुळे मला निम्माच कळला. विनंत्या तपासायच्या समितीत दोन शेतकरी हवेत असा ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह आहे. मला मान्य आहे, पण समितीचे नियम कसे लिहितात ते माहीत नाही.

@टेबल_माउंटन, तुमच्याकडच्या समितीच्या नियमांचा एखादा नमुना मिळेल का? किती दिवसांत उत्तर द्यायचं, नकार कुठल्या कारणाने द्यायचा, एवढं दिसलं तरी पुरे.

टेबल_माउंटन

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यातलं अपिलाचं कलम गाळू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.