टायटॅनियमची रोड बाईक: घ्यावी की नाद सोडावा?

पहाटफेरी
वय ४८, वजन ८४ किलो. ९ वर्षांपासून ॲल्युमिनियमची रोड बाईक आहे. रोज सोलापुरातून हिप्परगा तलावापर्यंत, रविवारी तुळजापूर. मे महिन्यात पहाटे पाचला निघालो तरी परत येईपर्यंत घामाच्या धारा लागतात. हेडसेटचं, म्हणजे हँडल वळतं तिथलं, बेअरिंग दोनदा गंजलं. आता टायटॅनियम डोक्यात बसलंय. मला मिळालेला भाव अडीच लाखांच्या वर आहे. बायको म्हणते, "एवढ्यात दोन स्कूटर येतात, आणि पायही मारावे लागत नाहीत." आयुष्यभर टिकते म्हणतात, ते खरं का?

गड्डाप्रेमी
अडीच लाखाची सायकल गड्ड्याच्या जत्रेत कुठं लावणार बे?

जुना_स्पोक
सहा वर्षं चालवतोय, म्हणून सांगतो. फ्रेम गंजत नाही, हे खरं. माझीला रंगच नाही. ओरखडा उठला की भांड्याच्या हिरव्या घासणीनं हलकं घासायचं, गेला. पण तुमचं गंजलं ते बेअरिंग. ते स्टीलचं, नव्या फ्रेममध्येही गंजणारच. त्यासाठी अडीच लाख नकोत, ग्रीस पुरे.

वजनात स्टीलपेक्षा हलकी, चांगल्या कार्बनपेक्षा जड. आरामाचं म्हणाल, तर हा धातू स्टीलच्या साधारण निम्माच ताठ, म्हणून तो ताठपणा भरून काढायला नळ्या मोठ्या व्यासाच्या घेतात. 'टायटॅनियम म्हणजे गादी' असं काही नसतं. मला तुळजापूर रोडवर खरा फरक कळला तो २५ मिमी रुंदीचे टायर काढून ३२ चे घातले तेव्हा. फ्रेम तीच होती!

आणि माझा मूर्खपणा ऐका. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) फ्रेममध्ये काही न लावता तसाच बसवला. दोन पावसाळे आणि घामाचं मीठ, दोन वेगळे धातू; असा जाम झाला की शेवटी करवतीनं आतून कापून काढला. अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, वर्षातून दोनदा काढून पुसा.

फ्रेमला तडा गेला तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या स्टेनलेसवाल्याकडे नेऊ नका. त्याचा हात कितीही चांगला असो. टायटॅनियम जोडताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. तापलेल्या धातूला हवा लागली की सांधा ठिसूळ.

घाटाखाली
सेकंडहँड बघत असाल तर वॉरंटीचं आधी विचारा, बहुधा पहिल्या मालकालाच असते. आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो ते बेअरिंग) आट्यांचा घ्या, दाबून बसवायच्या प्रेसफिटची कटकट नको.

पहाटफेरी
आत्ता मोजलं. माझ्या सायकलला मागे २८ चा टायर बसतो, ३० चा घासतो. मग आधी टायर आणि हेडसेट. पण स्पोकदादा, रविवारी घाट एकदा तुमच्या सायकलवर चढून बघू द्याल का?

जुना_स्पोक
५६ साइझची फ्रेम चालत असेल तर या. पेडल तुमचे आणा.