लाळग्रंथीची शस्त्रक्रिया आणि पीआरपी

धुळ्याच्या आपल्या मामांच्या कानापुढील लाळग्रंथीतील गाठ काढताना पीआरपी (म्हणजे प्लेटलेट या रक्तकणांनी समृद्ध रक्तद्रव) वापरावे का, या आपल्या प्रश्नावर थोडी भर घालतो. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेट एकवटलेला द्रव जखमेत सोडला, की त्यांतून स्रवणारे वृद्धिघटक (पेशींच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये) ऊती भरून येण्यास हातभार लावतात आणि त्यामुळे लाळ साचणे किंवा झिरपणे कमी व्हावे, अशी त्यामागची अपेक्षा आहे. मात्र चेहरा हलवणारी नस (मज्जातंतू) याच ग्रंथीतून जाते आणि तिचे रक्षण मुख्यतः शल्यविशारदाच्या हातात असते. गाठ कर्करोगाची असल्यास तेथे वृद्धिघटक सोडण्याबाबत विशेष सावधगिरी हवी, म्हणून सुईने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल डॉक्टरांसमोर ठेवूनच हा विषय काढावा.