बूटच्या टिकसोबत टायमरची फ्रिक्वेन्सी पण फर्मवेअरनंच लिहावी का?

कुपवाड_बोर्डवाला:
माझं मत सरळ आहे, फर्मवेअर (बोर्ड चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) बूटचे टाइमस्टॅम्प, म्हणजे प्रत्येक टप्प्याला टायमरचे किती टिक झाले ते, टेबलात लिहितंय तर टायमर किती मेगाहर्ट्झनं चालतोय तो आकडा त्याच टेबलात पाहिजेच. तासगावकडच्या द्राक्षबागांच्या पंपांना आम्ही कंट्रोलर देतो, लाईट सारखी जाते-येते, त्यामुळं बोर्ड किती वेळात उठतंय हे गिऱ्हाईक पहिलं विचारतं. एका एक्स८६ बोर्डवर टूल ०.८ सेकंद दाखवत होतं, स्कोप (सिग्नल बघायचं यंत्र) लावला तर रीसेट सुटल्यापासून पिन हाय होईपर्यंत चक्क १ सेकंद! दोन दिवस गेले त्यात. टेबलात टिक २४० कोटी, काउंटर २४०० मेगाहर्ट्झचा, आणि टूलनं लिनक्सला सीपीयूची मॅक्स फ्रिक्वेन्सी विचारली, तिथं टर्बोचे (तात्पुरत्या वाढवलेल्या वेगाचे) ३००० मिळाले, टिकला त्यानंच भागून मोकळं. अरे टीएससी (एक्स८६ सीपीयूतला हाच टिक काउंटर) टर्बोबरोबर पळत नाही, त्याचा वेग ठरलेला असतो. कोअरबूट या ओपन सोर्स फर्मवेअरच्या टेबलात यासाठी वेगळा रकाना आहे, तो भरा एवढंच म्हणणं आहे.

मिरज_एम्बेडेड:
नाय पटलं राव. एक आकडा लिहिला की लोक डोळे झाकून त्यावर विश्वास ठेवणार, आणि बूटच्या मधेच क्लॉक बदलतो त्याचं काय? एसटीएम३२ एफ४०७ ही मायक्रोकंट्रोलर चिप घे, रीसेटनंतर आतल्या १६ मेगाहर्ट्झवर उठतं, मग पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारं सर्किट) लॉक झाला की १६८ वर जातं. सायकल काउंटरनं पहिल्या टप्प्यात १६ लाख टिक मोजले म्हणजे १०० मिलिसेकंद झाले, पण टेबलात १६८ लिहिलं असेल तर साडेनऊच दिसणार. चुकीचा आकडा छापण्यापेक्षा रकाना रिकामा बरा. ऑपरेटिंग सिस्टिमला क्लॉक नीट मोजू दे की.

सातारी_कर्नल:
ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणताय, पण तिला सांगतं कोण? आर्म प्रोसेसरच्या जेनेरिक टायमरची फ्रिक्वेन्सी ठेवणारं सीएनटीएफआरक्यू रजिस्टर हार्डवेअर आपणहून भरत नाही, फर्मवेअरच भरतं, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नुसतं वाचतो. म्हणजे जबाबदारी फिरून तिथंच आली. माझी तक्रार वेगळी आहे, पूर्ण मेगाहर्ट्झमध्ये का लिहायचं? १९.२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (क्लॉकचे ठोके देणारा भाग) असेल तर १९ लिहिणार, झाली एक टक्क्याची चूक, आणि ३२७६८ हर्ट्झवाल्याचा तर शून्यच होतो, शून्यानं भागणार काय? किलोहर्ट्झमध्ये लिहिलं तरी हा शेवटचा ३२ वर येतो, ते पण नीट नाही. आणि ३२ बिटांत हर्ट्झ लिहावे तर ४.२९ गिगाहर्ट्झच्या वर मावत नाही. सरळ ६४ बिट द्या.

कुपवाड_बोर्डवाला:
६४ बिटांत हर्ट्झ, मान्य. आणि मिरजकर, तुमचा मुद्दा खरा आहे पण त्यावर रकाना रिकामा ठेवणं हा उपाय नव्हे भावा. क्लॉक बदलला त्या क्षणाची नोंद टाका, त्यात नवी फ्रिक्वेन्सी लिहा, भागाकार तुकड्या-तुकड्यानं होईल. तो क्षण फर्मवेअरशिवाय दुसऱ्या कुणाला माहीतच नसतो.

मिरज_एम्बेडेड:
तशी नोंद असेल तर चालेल. पण १६ वाला आतला आरसी ऑसिलेटर (चिपमधलाच क्लॉक) गरमीत सरकतो, तेव्हा त्या टप्प्याच्या आकड्यापुढं "अंदाजे" लिहायचं, पॉइंटनंतर तीन आकडे छापायचे नाहीत.