मदत हवी आहे: चॅपेलच्या पायऱ्यांवर दारू पिणारे परदेशी पाहुणे

गोव्यात पेडण्याच्या किनाऱ्याजवळ आमचं छोटं चॅपेल आहे. सीझनमध्ये रात्री परदेशी पर्यटक पायऱ्यांवर पीत बसतात, स्पीकर लावतात. सकाळी मिस्सेआधी (चर्चमधल्या उपासनेआधी) बाटल्या नि थोटकं आम्हीच उचलतो. मध्यंतरी एक बाई बिकिनीवर थेट वेदीपाशी सेल्फी काढत होती.

इंग्रजी आणि रशियन पाटी लावून झाली. दाराशी लुंग्या ठेवल्या. त्याचा खरंच उपयोग झाला, बहुतेक जण हसत गुंडाळतात. गेस्टहाऊसवाल्याशी बोललो, पण तो आमच्याच पॅरिशचा (चर्चच्या समुदायाचा), धंद्यापायी गप्प बसतो.

कायदा ठाऊक आहे: रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर नाही, पर्यटनस्थळी उघड्यावर दारू नाही. अडलंय ते आमच्यातच. पोरं म्हणतात व्हिडिओ व्हायरल करू (ते मला अजिबात नको). ज्येष्ठ मंडळी बायबलमधलं लेवीय १९:३४ पुढे करतात, परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करा. पण त्याच पुस्तकात २४:२२ ला परदेशी आणि देशी दोघांना एकच नियम सांगितलाय, तो कुणी वाचत नाही!

दार बंद ठेवायचं नाही, कारण यांच्यातलेच काही रविवारी मिस्सेला येतात.

बायबलमधल्याच मत्तय १८:१५-१७ मधला चुकलेल्या भावाला समजावण्याचा क्रम, म्हणजे आधी एकट्याने, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मग मंडळीला (चर्चला) सांगून, हा मंडळीबाहेरच्या पाहुण्याला लागू होतो का? की एकदा नम्रपणे सांगून सरळ पोलिसांना फोन करावा? आणि तुमच्याकडे कुणी असं सांगायला गेलं असेल, तर पहिलं वाक्य नेमकं काय बोललात?