बरं झालेलं मोठं कासव समुद्रात सोडताना बघायला मिळतं का?

मीठभाकर:
गेल्या पावसाळ्यात केळव्याला गेलेलो, किनाऱ्यावर एक मोठं कासव पडलं होतं, पुढचा एक पाय जाळ्यात अडकून अर्धा तुटलेला. पाच-सहा जणांनी उचलून पाण्यात ढकललं, टाळ्या वाजल्या, व्हिडिओ झाले, आमच्या लेकीने टाटापण केलं. वडापाव खाऊन तासाभराने परत येतो तर तेच कासव शंभर पावलं पुढे परत वाळूत. मग गावातल्या कोणीतरी फोन केला, वनखात्याची गाडी आली, ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेली. तेव्हापासून लेक (वय ७) विचारते, ते बरं झालं का, सोडलं का. असं सोडताना बघता येतं का कुठे? वेळासला गेलं तर चालेल का?

केतकीचं_बन:
वेळास वेगळं हो. तिथे आजारी कासवं नसतात, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी हॅचरीत सांभाळतात, २००२ पासून चालू आहे ते काम. साधारण ५०-५५ दिवसांनी पिल्लं निघतात आणि ती सकाळ-संध्याकाळ सोडतात. मार्चमध्ये जा, पण निघतीलच असं नाही. आम्हाला दोन दिवसांत चारच मिळाली, त्यातलं एक उलटं फिरून थेट आमच्या चपलांकडे, आणि हात लावायचा नाही म्हणून सगळे श्वास रोखून उभे. दाखवाच लेकीला.

डहाणूचा_चिकू:
मीठभाकर, राग मानू नका पण ते पाण्यात ढकलणं चुकलंच. कासव किनाऱ्याला लागतं तेच मुळी त्राण नसतं म्हणून, परत ढकललं की बुडायचीच भीती. सावलीत ठेवायचं, पाठ ओली ठेवायची, नाकावर पाणी नाही ओतायचं, आणि १९२६ वर फोन. वनखात्याची हेल्पलाइन आहे.
तुमचं कासव बहुतेक आमच्याकडे डहाणूच्या कासव उपचार केंद्रात आलं असेल, पालघरकडची इथेच येतात. मी काही दिवस मदतीला जायचो. एक होतं ते टाकीत सारखं एका अंगावर कलंडून तरंगायचं, फुप्फुसाचं दुखणं, खाली जाताच यायचं नाही त्याला. माकूळ (स्क्विड) टाकलं तरी तोंड फिरवायचं. एके दिवशी सकाळी बघतो तर टाकीत कासवच दिसेना, म्हटलं गेलं की काय, तर पठ्ठ्या तळाशी बसलेला! त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं सोडताना नाही वाटलं खरं सांगतो. सोडायला बोटीतून आत नेलं, कडेवरून खाली सोडलं, दोन सेकंद पाठ दिसली, मग नुसतं गढूळ पाणी. मी मोबाईल काढेपर्यंत संपलं सगळं. आणि हो, एक पाय गेलेलंपण तीन पायांवर छान पोहतं, लेकीला सांगा.

नाखवा_७२:
आमच्याकडे जाळ्यात कासव आलं की आजा हळदकुंकू लावून सोडायचा, देव म्हणून. पण जाळं कापायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, लाखाचा माल असतो. २०१८ पासून सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, जाळं कापून सोडल्याचे फोटो-व्हिडिओ लागतात. त्यामुळे आता व्हेल शार्कपण सोडतात पोरं. व्हिडिओ आम्ही उगाच नाय काढत.

रानवाट:
सोडलं म्हणजे वाचलंच असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, दोन दिवस सगळं गाव खपलं, खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी परत किनाऱ्याला येऊन मेलंच. उलट त्याच वर्षी गुहागरला ट्रान्समीटर लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण पार श्रीलंकेला वळसा घालून गेली. लहान मुलांना दोन्ही सांगावं असं माझं मत.

मीठभाकर:
चिकू, राग कसला, आम्हीच शहाणे टाळ्या वाजवत होतो. देवमाशाचं आत्ताच नाही सांगत तिला. तळाशी बसलेल्या कासवाची गोष्ट दोनदा वाचून दाखवायला लागली, आता माकूळ कसं दिसतं ते बघायला रविवारी मासळी बाजारात जायचं ठरलंय. घरात आम्ही सगळे शाकाहारी.