समुद्री पवनऊर्जेच्या संशोधनासाठी सरकारी अनुदान: लहान उद्योगांनी अर्ज करावा का?

दर्यावारा (पुणे)

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची व्यवहार्यता तफावत निधी योजना (प्रकल्प परवडावा म्हणून खर्चातील तूट सरकारने भरून देण्याची योजना) मंजूर केली, तेव्हा आता या क्षेत्रात संशोधन करणाऱ्या लहान उद्योगांनाही पैसा मिळेल, अशी अनेकांची समजूत झाली. वस्तुस्थिती वेगळी आहे. त्यातील ६,८५३ कोटी रुपये गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी आणि उरलेले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. नव्या तंत्रज्ञानाचा प्रयोग करू पाहणाऱ्याने नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन व तंत्रज्ञान विकास कार्यक्रमाकडे जायचे असते. त्याची २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांची एकूण तरतूद २२८ कोटी रुपये असून तीत सौर, पवन, जैववायू, हायड्रोजन असे सारेच वाटेकरी आहेत. सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना खर्चाच्या शंभर टक्क्यांपर्यंत, तर उद्योग, स्टार्टअप व खासगी संस्थांना सत्तर टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते.

रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्य करूनही पुण्या-चिंचवडच्या उद्योगांनी अर्ज करावा, असे माझे मत आहे. खंबातच्या आखातातील मऊ चिकणमातीचा तळ, तिथल्या भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह आणि चक्रीवादळे हे तिन्ही प्रश्न एकत्र घेऊन युरोपच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) कोणी टर्बाइन उभारलेले नाही. तौक्ते वादळ १७ मे २०२१ रोजी दीव आणि उना यांच्या परिसरात किनाऱ्यावर आले. गुजरातचे प्रस्तावित क्षेत्र ज्या पिपावावसमोर आहे, ते बंदर तिथून फार लांब नाही. आंतरराष्ट्रीय मानकातील पहिल्या वर्गाचे टर्बाइन सेकंदाला ५० मीटर हा वाऱ्याचा संदर्भवेग धरून आखले जाते, आणि उष्णकटिबंधीय वादळांसाठी ५७ मीटरचा वेगळा वर्ग २०१९ च्या आवृत्तीत आला. तयार युरोपीय यंत्र आणून उभे केले की काम झाले, असे येथे म्हणता येणार नाही. मग हे संशोधन करायचे कोणी?

भोसरीकर

संशोधन कोणी करायचे, हा प्रश्न योग्य आहे. पण त्याचे उत्तर पन्नास कामगारांच्या कारखान्याने का द्यावे, हे आपल्या लेखनातून कळत नाही. राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आले. २०१८ मध्ये सरकारने २०२२ पर्यंत ५ गिगावॅट आणि २०३० पर्यंत ३० गिगावॅट अशी उद्दिष्टे जाहीर केली. त्यांपैकी पहिली मुदत उलटून गेली आणि समुद्रात वीज देणारे एकही टर्बाइन उभे राहिले नाही. गुजरातची ५०० मेगावॅटची आणि तमिळनाडूची ४ गिगावॅटची समुद्रतळ भाडेपट्ट्याची, अशा दोन्ही निविदा २०२५ मध्ये रद्द झाल्या. माल घेणाराच नसेल, तर अनुदानातून तयार झालेली वस्तू विकायची कोणाला?

आता हिशेब पाहा. दोन कोटींच्या प्रकल्पात सत्तर टक्के अनुदान मिळाले, तरी साठ लाख रुपये पदरचे घालावे लागतात. हप्ता उशिरा आला तर तोवर अभियंत्यांचे पगार खेळत्या भांडवलातून द्यावे लागतात आणि त्यावर बँक व्याज लावते. शिवाय गंजरोधक लेप असो वा कंपनमापक संवेदक, त्याची कसोटी खाऱ्या पाण्यात, उभ्या मनोऱ्यावर, किमान दोन पावसाळे व्हायला हवी. तो मनोराच नसेल तर चाचणी प्रयोगशाळेतल्या मिठाच्या फवाऱ्यावर थांबते. असा अहवाल मंत्रालय स्वीकारेल, पण पवनप्रकल्प उभारणारा कोणताही विकासक त्यावर विसंबून माल घेणार नाही.

जुनाजहाज (मुंबई)

भोसरीकरांचा हिशेब बरोबर आहे, पण मनोरा नाही हे विधान अर्धेच खरे आहे. मुंबई हायमधून १९७६ पासून तेल निघते आहे आणि तेव्हापासून पोलादी जॅकेट (सांगाडे), पाइल (तळात ठोकलेले खांब), समुद्रतळावरील वाहिन्या व नौका लावण्याच्या जागा अरबी समुद्रात उभ्या आहेत. लाटा आणि भरती जिथे लोखंडाला आळीपाळीने भिजवतात व सुकवतात, तो पट्टा तेलाच्या फलाटावर आणि टर्बाइनच्या पायावर सारखाच गंजतो. तौक्तेतच मुंबई हायजवळ पी-३०५ ही बार्ज (सपाट तळाची नौका) नांगर तुटून भरकटली आणि बुडाली, माणसे दगावली. नांगरदोरांवरील ताण वेळेवर कळवणाऱ्या यंत्रणेची गरज कोणाला आहे, असे विचारण्याची मग आवश्यकता उरत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की अर्ज करावा, पण विषय असा निवडावा की पवनऊर्जेचा बाजार दहा वर्षे उशिरा आला तरी फलाट, जेट्टी आणि बंदरे ती वस्तू घेतील. परीक्षकांपुढेही असाच प्रस्ताव टिकतो. "भारतात प्रथमच" या शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रस्तावांचा ढीग मी पाहिला आहे. आजची पद्धत कुठे अपुरी पडते, आपली वस्तू तंत्रज्ञान-सिद्धतेच्या (कल्पनेपासून प्रत्यक्ष वापरापर्यंतच्या प्रवासातील) कोणत्या पातळीवर आहे, अनुदान संपल्यावर ती कोणत्या पातळीवर असेल आणि ते कोणत्या मोजमापाने सिद्ध होईल, या चार गोष्टी त्यांतील फारच थोड्यांत नीट लिहिलेल्या असतात. सहभागी संस्था म्हणून चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था किंवा राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था असेल, तर मोजमापाबद्दलची शंका बरीच कमी होते. मात्र त्या संस्थेचे काम आणि खर्च कागदावर वेगळा दाखवावा, नुसते नाव लावू नये.

अॅबर्डीनवासी

मी स्कॉटलंडमध्ये याच क्षेत्रात काम करतो, म्हणून येथील अनुभव मांडतो, आणि तो भोसरीकरांच्या बाजूला झुकणारा आहे. ब्रिटनमध्ये इनोव्हेट यूके ही सरकारी संस्था लहान कंपनीला औद्योगिक संशोधनासाठी सत्तर टक्क्यांपर्यंत पैसे देते, पण प्रत्यक्ष उत्पादनाच्या जवळच्या प्रयोगाला हेच प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांवर येते, आणि तेही आधी खर्च करून तिमाहीच्या शेवटी मागायचे असते. तरंगत्या टर्बाइनांसाठी सरकारने जानेवारी २०२२ मध्ये ११ प्रकल्पांना मिळून सुमारे ३.१ कोटी पौंड दिले. उद्योगांनीही जवळपास तितकीच भर घातली.

येथे अनुदान फळले ते त्याच्या पुढे ठरलेल्या दराने वीज विकत घेणारी व्यवस्था उभी होती म्हणून. ती व्यवस्था चुकली की अनुदान काही वाचवू शकत नाही. सप्टेंबर २०२३ च्या लिलावात सरकारने कमाल दर इतका कमी ठेवला की समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. दुसरे उदाहरण नॉर्वेचे. २००९ मध्ये पाण्यात उतरवलेल्या हायविंड या २.३ मेगावॅटच्या तरंगत्या टर्बाइनचा खर्च सुमारे ४० कोटी क्रोनर होता आणि त्यात सरकारी एनोव्हा संस्थेचा वाटा ५.९ कोटींचा. बाकीचा भार तेलाच्या पैशावर उभ्या असलेल्या कंपनीने उचलला. तेच तंत्र पुढे २०१७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेडजवळ पाच टर्बाइनांच्या ३० मेगावॅट प्रकल्पात वापरले गेले. आपल्याकडच्या लहान उद्योजकामागे असे कोण उभे आहे?

दर्यावारा

नॉर्वेच्या उदाहरणातून मी उलट अर्थ काढतो. संपूर्ण टर्बाइन तरंगवायचे असेल तर तेलकंपनीच हवी, यात वाद नाही. मी बोलतो आहे तो दीड-दोन कोटींत मावणाऱ्या भागांबद्दल: पाइलभोवतीची माती प्रवाहाने किती खचली हे मोजणारा संवेदक, पात्याच्या कडेवरचा लेप, बोल्टांचा ताण दूरून वाचणारी यंत्रणा. निविदा निघण्याची वाट पाहिली, तर ती निघेल त्या दिवशी विकासक तयार व प्रमाणित भाग परदेशातूनच मागवतील, आणि मग आपल्यासाठी रंगरंगोटी व वाहतूक एवढेच काम उरेल.

जमाखर्च

या चर्चेत हिशेबाच्या अटींचा उल्लेख कोणी केलेला नाही, तो करतो. सामान्य वित्तीय नियमांनुसार अनुदानाचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो, विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अनुदानाच्या रकमेवर खात्यात मिळालेले व्याज भारताच्या संचित निधीत भरावे लागते. त्या पैशातून घेतलेले यंत्र पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. हे समजून न घेता अर्ज केलेल्या एका ओळखीच्या उद्योजकाचा दुसरा हप्ता केवळ प्रमाणपत्रातील विसंगतीमुळे अडकून राहिला. ज्यांच्याकडे पूर्णवेळ लेखापाल नाही, त्यांनी मुख्य अर्जदार न होता एखाद्या संस्थेच्या अर्जात भागीदार व्हावे.

भोसरीकर

भागीदारीचा मार्ग मला पटतो, कारण त्यात साठ लाखांचा बोजा एकट्यावर येत नाही. मात्र जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेकडे कोणी अनुदान म्हणून पाहू नये. तीत कमी किंवा शून्य व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि भागभांडवल आहे. कर्ज ते कर्जच, ते फेडायचे असते.

अर्ज करण्याविषयीचा माझा विरोध एका अटीवर मागे घेतो. समुद्रातल्या चालू फलाटाच्या वा जेट्टीच्या मालकाने आपल्या बांधकामावर नमुने लावू देण्याचे लेखी पत्र आधी दिले पाहिजे. ते पत्र नसेल, तर अर्ज भरण्यात घालवलेले दिवस कारखान्याच्या चालू मालावर घालवलेले बरे.

दर्यावारा

फलाटाच्या मालकाकडून असे पत्र मिळायला सुरक्षेच्या परवानग्यांसह वर्ष निघून जाऊ शकते, आणि अर्ज मागवण्याची मुदत तेवढा काळ थांबत नाही. जेट्टीबाबत मात्र आपली अट मला मान्य आहे. कोकणातील एखाद्या लहान बंदराच्या पाइलवर भरतीच्या पट्ट्यात नमुने लावून सुरुवात करावी आणि खुल्या समुद्रातील चाचणी हा प्रस्तावाचा दुसरा टप्पा म्हणून स्वतंत्र खर्चासह लिहावा, म्हणजे ती परवानगी उशिरा आली तरी पहिल्या टप्प्याचा हप्ता अडणार नाही.